जाणतेपण आणि दाखला

एखादें काम करण्याचा अधिकार माणसास कशानें येतो,—तें काम येत असल्यानें, कीं तें येतें असें दुसऱ्या कोणी लिहून दिल्यानें? प्रश्न इतक्या उघड्या शब्दांत मांडला म्हणजे उत्तर सोपें वाटतें. काम येणें हें मूळ, आणि लिहून देणें ही त्याची केवळ खूण, असें कोणीहि सुज्ञ मनुष्य म्हणेल. परंतु व्यवहारांत ही खूणच मूळ वस्तूची जागा केव्हां बळकावते हें पुष्कळदां आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. वैद्य आणि वकील यांच्या बाबतींत हा वाद जुना झाला आहे व जवळजवळ मिटलाहि आहे. पदवी नसलेल्या डॉक्टरच्या हातीं आपलें मूल देण्यास आपल्यापैकीं फारसा कोणी तयार होणार नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखासाठीं आम्हीं मुद्दाम असें एक काम निवडलें आहे कीं, ज्याविषयीं हा वाद अद्यापि ताजा आहे. तें काम म्हणजे नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीस मूल अंगावर पाजण्याच्या कामीं साह्य करणें; आणि देश अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें.

आमचे कांहीं वाचक येथेंच हंसतील. मूल पाजणें हें काय शिकवावें लागतें? गाय वासराला पाजते तेव्हां तिला कोणी धडे दिलेले असतात? या हंसण्याला उत्तर असें कीं, आपल्या घरांतहि तें नेहमीं शिकविलेंच जात होतें; मात्र शिकविणारीला कोणी गुरु म्हणत नव्हतें. बाळंतिणीच्या खोलींत शेकशेगडी, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांच्याबरोबर एक अनुभवी बाई असे. मूल कसें धरावें, मान कोठें टेकवावी, छातींत गांठ आली तर काय करावें, हें ती बोलत बोलत दाखवून जाई. तें ज्ञान फुकट मिळे, म्हणून तें ज्ञान आहे असें कोणास वाटलें नाहीं. शिवाय तें सगळें बरोबरच होतें असेंहि समजण्याचें कारण नाहीं. पहिल्या दिवसांचें चिकाचें दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची आणि नवजात बालकास मध चाटविण्याची चाल याच अनुभवी हातांनीं चालविली. आणि चीक हेंच मुलाचें पहिलें संरक्षण होय, हें आजचें शास्त्र निःसंशय सांगतें. आजीच्या ज्ञानाची थोरवी गातांना ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

अमेरिकेंत ही आजीची परंपरा मध्येंच तुटली. बाळंतपणें इस्पितळांत गेलीं, बाटलींतलें कृत्रिम दूध हें सुधारणेचें लक्षण ठरलें, आणि १९७० च्या सुमारास त्या देशांत जन्मणाऱ्या चार मुलांपैकीं सुमारें एकच आईच्या अंगावर लागत असे. तत्पूर्वींच, १९५६ सालीं, शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्क या गांवीं सात बायकांनीं एकत्र येऊन ‘ला लेचे लीग’ नांवाची संस्था काढली होती. या बायका डॉक्टर नव्हत्या. त्या आया होत्या, आणि एका आईनें दुसऱ्या आईस सांगावें एवढीच त्यांची रीत होती. पुढें हेंच काम वाढतां वाढतां त्याचा पेशा बनला; १९८५ सालीं एक आंतरराष्ट्रीय परीक्षामंडळ स्थापन झालें व त्याची परीक्षा उतरणाऱ्या स्त्रीस आपल्या नांवापुढें ‘आय. बी. सी. एल. सी.’ हीं अक्षरें लावण्याचा मान मिळूं लागला. अलीकडच्या नियमांप्रमाणें या परीक्षेस बसण्यापूर्वीं आरोग्यशास्त्राचे चौदा विषय, स्तनपानविषयक ९५ तासांचें शिक्षण आणि, ज्या मार्गानें जावें त्याप्रमाणें, ३०० पासून १००० तासांपर्यंत प्रत्यक्ष मातांबरोबरचें काम, इतकी सामग्री लागते. आणि दर पांच वर्षांनीं तो दाखला नवा करून घ्यावा लागतो. याहून कमी मुदतीच्या शिक्षणाचेहि निराळे दाखले आहेत, आणि ते घेऊन उत्तम काम करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया आहेत. सात आयांनीं सुरू केलेली गोष्ट तीस वर्षांच्या आंत अशा ठिकाणीं येऊन पोंचली कीं, त्या मूळच्या सात जणींस आपल्याच कामाची परीक्षा द्यावी लागली असती. हें आम्ही दोष म्हणून सांगत नाहीं. कोणत्याहि विद्येचा हाच क्रम असतो.

खरी अडचण येते ती पैसा मध्यें आला म्हणजे. २०१० सालीं अमेरिकेंत आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें स्त्रियांच्या प्रतिबंधक आरोग्यसेवांची जी यादी झाली तींत स्तनपानाविषयीं साह्य व सल्ला, आणि दूध काढण्याच्या पंपाचा खर्च, यांचा समावेश करण्यांत आला; ऑगस्ट २०१२ नंतर सुरू होणाऱ्या विमावर्षापासून, कांहीं जुन्या योजना वगळल्यास, हा खर्च मातेवर न टाकतां विमायोजनेनें सोसावा असें ठरलें. हें साह्य कोणी द्यावें? यादींतला शब्द होता ‘प्रशिक्षित’. कोणाकडून प्रशिक्षित, किती तास प्रशिक्षित, याचा निर्णय त्या एका शब्दांत झालेला नव्हता. आणि जेथें कायदा थांबतो तेथून कारकुनाचें राज्य सुरू होतें.

विमाकंपनी ज्या डॉक्टरांशीं व इतर सेवकांशीं करार करते त्यांच्या मंडळास तिकडे ‘नेटवर्क’ म्हणतात. या मंडळांत शिरणें ही साधी गोष्ट नाहीं. सल्लागार स्त्रीस प्रथम एक राष्ट्रीय ओळखक्रमांक घ्यावा लागतो. तो घेतांना आपला वर्ग सांगावा लागतो, आणि या कामासाठीं परिचारिका असलेल्या व परिचारिका नसलेल्या अशा दोन स्वतंत्र वर्गांचे दोन स्वतंत्र संकेतांक आहेत. मग शिक्षणाचे दाखले. ते तिनें पाठविले म्हणून खरे धरीत नाहींत, तर ज्या संस्थेनें दिले तिच्याकडून पडताळून घेतात. मग धंद्यांतील चुकीबद्दल भरपाई देणारा विमा, बहुधा एका प्रसंगास दहा लाख डॉलरपर्यंतचा. मग राज्याचा परवाना. मग मागील पांच वर्षांच्या नोकरीचा वृत्तांत, आणि त्यांत सहा महिन्यांहून अधिक खंड पडला असल्यास त्याचें कारण. (ज्या स्त्रीनें आपल्या स्वतःच्या मुलास पाजण्यासाठीं वर्षभर घरीं राहून हें काम अंगीं मुरविलें, तिनें या खंडाचें कारण काय लिहावें, असा विनोदी प्रश्न आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.) हें सर्व झाल्यावर समितीची संमति, त्यानंतर करार, आणि तीन वर्षांनीं पुन्हां हीच प्रदक्षिणा. एवढ्यास दोन-तीन महिने लागणें ही तिकडे रोजची गोष्ट आहे.

आतां दुसरें घड्याळ पाहूं. १९९६ च्या एका कायद्यानें त्या देशांत विमायोजनांस असें बंधन घातलें आहे कीं, साधें बाळंतपण झालें असल्यास मातेचा इस्पितळांतील मुक्काम ४८ तासांहून कमी करतां येणार नाहीं, व पोट चिरून झालें असल्यास ९६ तासांहून कमी नाहीं. म्हणजे साध्या बाळंतपणाची स्त्री बहुधा दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस घरीं जाते. आणि दूध भरून येतें तें दुसऱ्या ते पांचव्या दिवसाच्या दरम्यान. खरी अडचण जेव्हां सुरू होते,—छाती दगडासारखी होते, मूल तोंड लावीत नाहीं, स्तनाग्रास चिरा पडतात, रात्रभर घरांत कोणी झोपत नाहीं,—तेव्हां ती इस्पितळाच्या बाहेर असते. तिला माणूस पाहिजे तें तिसऱ्या रात्रीं. पुणें किंवा नाशिकहून विमानानें न्यू जर्सीस लेकीच्या बाळंतपणासाठीं जाणाऱ्या आपल्याकडच्या आया ही गोष्ट जाणतात. पण प्रत्येकीची आई वेळेवर पोंचते असें नाहीं, आणि त्या देशांतल्या बहुतेक स्त्रियांस तर अशी कोणी येणारच नसते. मग पदरचे शंभर-दोनशे डॉलर, कधीं त्याहूनहि अधिक, मोजून सल्लागार बोलवावी, नाहींतर बाटली आणावी. ज्या घरांत दोनशे डॉलर हातीं आहेत तेथें पहिला मार्ग, ज्या घरांत नाहींत तेथें दुसरा; आणि नेमका हाच भेद मोडण्यासाठीं कायदा झाला होता.

म्हणून काय सगळे दाखले फाडून टाकावे? आम्ही तसें म्हणत नाहीं, आणि जे म्हणतात त्यांनीं एका आजारी मुलाचा विचार करावा अशी आमची विनंति आहे. नवजात मुलाचें वजन पहिल्या दिवसांत थोडें घटतें. शेंकडा सात-आठ इतकी घट पुष्कळ निरोगी मुलांत दिसते, दहाच्या घरांत गेली कीं डॉक्टर सावध होतात. मूल शांत पडून आहे, रडत नाहीं, म्हणून घरचीं माणसें संतोष मानीत असतात, आणि तें मूल वस्तुतः उपाशी असून त्याच्या अंगांतलें पाणी आटत चाललेलें असतें, किंवा कावीळ चढत असते. अशा वेळीं जिची श्रद्धा मोठी पण नजर कच्ची, अशी बाई ‘पाजीत राहा, येईल दूध’ असें धीर देऊन सांगेल आणि निघून जाईल. तिचा हेतु निर्मळ असेल. मुलाचें नुकसान मात्र कायमचें होईल. या विद्येचें अर्धें सार आपली मर्यादा ओळखण्यांत आहे, हें मूल आतां माझ्या हातचें नव्हे, डॉक्टरकडे न्या, असें वेळेवर म्हणतां येण्यांत आहे. ही नजर केवळ माया असल्यानें येत नाहीं. ती शिकावी लागते, आणि ती आली कीं नाहीं हें कोणीतरी पाहिलें पाहिजे. शिवाय जो दुसऱ्यांच्या पैशाचा विश्वस्त आहे त्यानें तो पैसा कोणाच्या हातीं देतों हें न पाहणें, हीहि एक अनीतिच आहे.

आपल्या जुन्या वैद्यकांतहि ही पाहणी होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत बाळास दूध पाजणाऱ्या धात्रीची परीक्षा सांगितली आहे: ती तरुण असावी, निरोगी असावी, स्वभावानें विनयशील असावी, तिचें स्वतःचें मूल जगलेलें असावें, आणि तिच्या दुधाचा रंग, गंध, चव पाहून, तें पाण्यांत टाकलें असतां पाण्याशीं एकरूप होतें कीं नाहीं हेंहि पाहावें. त्यांत कुळाजातीचेहि निकष आहेत, ते आज कोणी मानूं नयेत. परंतु त्या परीक्षेची एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. परीक्षा करणारा वैद्य मुलाच्या बाजूचा होता. धात्री नापास झाली तर दुसरी शोधणें त्याला आणि त्या घराला भाग होतें, कारण घरांत मूल रडत होतें. नाकारण्याचा भार नाकारणाऱ्यावरच पडत होता.

आमच्या मतें सगळ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. विमाकंपनी सल्लागार स्त्रीस नाकारते तेव्हां तिच्या दारांत कोणतेंहि मूल रडत नसतें. उलट यादींत नांवें जितकीं कमी तितकीं देणीं कमी. कंपनीचे अधिकारी दुष्ट आहेत असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. फॉर्म तपासणारा कारकून आपलें काम प्रामाणिकपणेंच करीत असेल. पण ज्या व्यवस्थेंत परीक्षकास परीक्षार्थी नापास झाल्यानें लाभ होतो, ती व्यवस्था प्रामाणिक माणसांच्या हातूनहि अन्याय करवून घेते. न्यायाधीशानें ठोठावलेला दंड त्याच्याच खिशांत जाऊं लागला तर चांगल्या न्यायाधीशाचाहि आपण भरंवसा धरणार नाहीं. आणि येथें तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्या देशांतील बहुतेक राज्यें स्तनपान-सल्लागारांना परवाना देतच नव्हतीं, आणि राज्याचा परवाना असल्यावांचून पैसे देणार नाहीं असें म्हणणाऱ्या योजना होत्या. जें कागद कोणी छापीतच नाहीं तें आणा, असा हा हुकूम! शेवटीं ऑक्टोबर २०१५ मध्यें मध्यवर्ती सरकारच्या तीन खात्यांना मिळून खुलासा काढावा लागला कीं, योजनेनें आपल्या नेटवर्कांतील अशा सल्लागारांची यादी उपलब्ध करून दिली पाहिजे. नेटवर्कांत कोणीच नसेल तर बाहेरच्या सल्लागाराचा खर्च मातेस तोशीस न लावतां दिला पाहिजे. आणि राज्य परवाना देत नसेल तर आपल्या परवान्याच्या किंवा दाखल्याच्या मर्यादेंत हें काम करणाऱ्या इतर व्यक्तीची, उदाहरणार्थ नोंदणीकृत परिचारिकेची, सेवा मान्य केली पाहिजे. या खुलाशाचें तत्त्व आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. तुम्ही निकष कितीहि कडक करा. पण त्या निकषाला उतरणारें माणूस तुम्हांला दाखवितां आलें नाहीं, तर त्याचा भुर्दंड तुमचा.

कंपन्यांनीं मागितलेला परवाना राज्यांनीं देऊं केला तर प्रश्न सुटेल असें कांहींना वाटलें. जॉर्जिया राज्यानें २०१६ सालीं तसा कायदा केला. त्याप्रमाणें पैसे घेऊन स्तनपानाचें साह्य देण्यास परवाना आवश्यक ठरला, आणि परवाना केवळ त्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा दाखला असणारीसच मिळावयाचा. डॉक्टर, परिचारिका इत्यादींस सूट होती. आणि सूट होती आणखी एकास,—जी हें काम फुकट करील तिला. वाचकांनीं या शेवटच्या सवलतीकडे नीट पाहावें. एका बाईनें एका मातेस एकच सल्ला दिला. मोबदला घेतला नाहीं तर तो निर्धोक, आणि वीस डॉलर घेतले तर समाजाच्या आरोग्यास धोका! धोका जर खरोखरच सल्ल्यांत असेल तर तो पैशानें वाढतो कसा? अर्थात् या कायद्यांत जपलें जात होतें तें मुलाला कीं पेशाला, असा संशय येणें साहजिक होतें.

या कायद्याविरुद्ध अटलांटा येथील मेरी जॅक्सन ही अनुभवी सल्लागार आणि ‘रीचिंग अवर सिस्टर्स एव्हरीव्हेअर’ ही संस्था २०१८ सालीं न्यायालयांत गेली. ही संस्था मुख्यतः कृष्णवर्णीय मातांमध्यें काम करते. या गोष्टीस मागचा इतिहास आहे: गुलामगिरीच्या काळीं ज्यांच्या पणज्यांना धन्याच्या मुलास पाजण्यासाठीं स्वतःचें मूल बाजूस ठेवावें लागे, त्यांच्याच घरांत आज स्तनपानाचें प्रमाण गोऱ्यांहून कमी आहे. त्या घरांत जी बाई शिरूं शकते, जिचा शब्द तेथें ऐकला जातो, ती बहुधा त्याच वस्तींतली असते. आणि शेंकडों तासांचें, पुष्कळदां बिनपगारी, उमेदवारीचें काम करून मोठा दाखला मिळविणें तिला परवडतेंच असें नाहीं. २०२३ च्या मे महिन्यांत जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा राज्यघटनेच्या विरुद्ध ठरविला. बिनपरवाना सल्लागारांनीं कोणास इजा केल्याचा पुरावा पुढें आला नव्हता, आणि केवळ दर्जा वाढेल एवढ्या आशेवर माणसाचा कायदेशीर व्यवसाय बंद करतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता.

येथें आम्हांस १९०२ सालच्या इंग्लंडांतील सुइणींच्या कायद्याची आठवण होते. त्या देशानेंहि अडाणी सुइणींचा प्रश्न हातीं घेतला, मंडळ नेमलें, परीक्षा ठरविली, आणि १९१० नंतर दाखल्यावांचून पैशासाठीं नित्य बाळंतपणें करण्यास, डॉक्टरच्या देखरेखीखालीं असल्याखेरीज, बंदी केली. तेथेंहि ‘पैशासाठीं’ हाच शब्द आला, हें आम्ही मान्य करतों. पण त्या कायदेकारांना एक गोष्ट सुचली: कायदा होतांना जी स्त्री निदान वर्षभर हें काम करीत होती आणि जिची वर्तणूक चांगली होती, तिचें नांव परीक्षेवांचून पटावर घेण्यांत आलें. पुढें तिच्या कामावर देखरेख ठेवली गेली. जुनें माणूस एकदम दाराबाहेर न काढतां आंत घेऊन त्यावर नजर ठेवावी, आणि नवें माणूस तयार होईपर्यंत बाळंतिणीची खाट रिकामी ठेवूं नये, हा त्यांतला शहाणपणा होता. कित्येक डॉक्टरांनीं त्या वेळीं नाकें मुरडलीं. तरी ज्या गरीब घरांत डॉक्टर कधींच गेला नव्हता तेथें सुईण जात राहिली.

विमायोजनांनींहि असें कांहीं करावें असें आम्ही सुचवितों. मोठा दाखला असणारीस मोठें काम आणि मोठा मोबदला असावा. कठीण प्रसंग, मुदतीपूर्वीं जन्मलेलें मूल, टाळूचा दोष, हीं तिचींच क्षेत्रें. धीर देणें, मूल धरण्यास शिकविणें, वजनाकडे डोळा ठेवणें आणि वेळेवर डॉक्टरकडे पाठविणें, एवढें ज्या स्त्रीस येतें तिला तेवढ्याच मर्यादेंत मान्यता देऊन, वरच्या दाखल्याच्या स्त्रीस तिच्यावर नेमावें. अर्ज विचाराधीन असतांना तात्पुरता प्रवेश द्यावा. आणि कंपनीनें आपल्या यादींतील प्रत्येक नांवास स्वतः टेलिफोन करून पाहावा: बाई अद्याप काम करते का, नवीन माता घेते का, आज रात्रीं किंवा उद्यां सकाळीं जाऊं शकेल का. पांच वर्षांच्या नोकरीचा हिशेब मागण्याइतकी चिकाटी ज्यांच्यापाशीं आहे त्यांना एवढें अवघड वाटूं नये.

जॉर्जियाच्या निकालानें त्यांतलें कांहींच साधत नाहीं. त्या निकालानें राज्याची बंदी उठली. सल्लागार स्त्रीस आपलें काम करून त्याचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. पण तो मोबदला कोणी द्यावा याविषयीं न्यायालयानें कोणत्याहि कंपनीस कांहीं सांगितलें नाहीं, आणि सांगण्याचा तेथें प्रश्नहि नव्हता. २०१० च्या कायद्यांतहि, योजनेनें यावयास तयार असलेल्या प्रत्येकाशीं करार केलाच पाहिजे असें बंधन नाहीं. तेव्हां अटलांटांतील एखादी माता आज अशा बाईस आपल्या घरीं बोलावूं शकते, तिच्याकडून शिकूं शकते, आणि पावती विमाकंपनीकडे पाठवूं शकते. ती पावती मान्य होऊन येईल, कीं संकेतांक जुळत नाहीं म्हणून परत येईल, हें मात्र अजून त्या कंपनीच्या खिडकीवरच ठरतें.